पिकअपचं तोंड खाली घेतल्यावर सुरू होणारी कटकट: आवाज, ओढ आणि टायर खाणं

स्प्रिंग बदलून, आर्म (चाक चेसिसला जोडणारा दांडा) बदलून किंवा टॉर्शन बार सैल करून पिकअपचं तोंड दोन-अडीच इंच खाली घेतलं की थोड्याच दिवसांत यातलं काही ना काही सुरू होतं. आपली तक्रार कुठे बसते ते आधी पाहा.

- गाडी एका बाजूला कललेली दिसते. ड्रायव्हरकडचं मडगार्ड बोटभर खाली.
- सावकाश गतिरोधक ओलांडताना खालून कुर्र-कुर्र. वेगात असताना ऐकू येत नाही.
- त्याच गतिरोधकावर जरा वेगात गेलं की धाड. हाताला स्टेअरिंगमध्ये झटका लागतो.
- जागेवर उभं राहून स्टेअरिंग फिरवलं की टक्-टक्.
- आपल्या नागपुरात वर्धा रोडला ऐंशीच्या पुढे गाडी तरंगल्यासारखी वाटते, सतत सावरावी लागते. वळणानंतर स्टेअरिंग आपणहून सरळ होत नाही.
- हात सोडला की गाडी एकाच बाजूला ओढते.
- पुढच्या टायरची आतली कड गुळगुळीत, बाहेरची मात्र नव्यासारखी. उभं राहून दिसत नाही, वाकून आत बघावं लागतं. म्हणून कळतं तेव्हा टायर गेलेलं असतं.
- पूर्ण स्टेअरिंग मारून रिव्हर्स घेताना टायर आतल्या प्लास्टिकला घासतं.
- मागितलं होतं दोन इंच, उतरली पाऊण इंच. किंवा पहिल्या दिवशी बरोबर होती, महिन्याने आणखी खाली गेली.

अशी गाडी घेऊन येणारा पहिलं वाक्य बहुतेक हेच बोलतो: "भाऊ, स्प्रिंग तर कोरी करकरीत आहे, मग आवाज काहून येऊन राहिला?" आणि त्याच्या मनात पुढची स्प्रिंग घ्यायचं चाललेलं असतं. माझा अनुभव उलटा आहे. नवा पार्ट खराब निघणं विरळा. बोल्ट कोणत्या स्थितीत आवळले आणि नंतर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) झाली की नाही, या दोन गोष्टींतच बहुतेक कटकट सापडते. म्हणून खिशात हात घालण्याआधी खालच्या क्रमाने जा.

गाडी कोणत्या जातीची आहे हे मात्र माहीत हवं. इसुझू व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स यांना समोर दोन आर्म आणि त्यांच्यामध्ये शॉकअपवर चढवलेली गोल स्प्रिंग असते. टाटा झेनॉनला आर्म दोनच, पण स्प्रिंगऐवजी चेसिसच्या कडेने मागे गेलेली लांब सळई, म्हणजे टॉर्शन बार. कामाच्या बऱ्याच पिकअपना समोरही पाटेच (लीफ स्प्रिंग) असतात. पाटेवाल्या गाडीबद्दल इथे काही सांगत नाही. पाटा कमी करून ती खाली घेणं म्हणजे ओझं पेलायची ताकदच कमी करणं, ते करू नका. आधी कुणीतरी वरून चकत्या टाकून उचललेली सेकंडहॅन्ड गाडी परत मूळ उंचीवर आणलेली असेल, तर तिलाही हे सगळं जसंच्या तसं लागू आहे.

हवा आणि टायर

हसू नका. कललेल्या गाडीचं कारण एका टायरमध्ये सहा-आठ पीएसआय कमी हवा हे निघतं तेव्हा मालक ओशाळतो. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी बघायची. तापमान १० अंशांनी वाढलं की दाब दीड-दोन पीएसआयने चढतो. आपल्या मे महिन्यात दुपारी, त्यात गाडी हिंगण्याहून चालवत आणल्यावर घेतलेलं माप म्हणजे थापच. आकडा टायरवर कोरलेला पाहायचा नाही, तो कमाल मर्यादेचा असतो. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावरचा बघा.

मग दोन्ही पुढच्या टायरचा साइज आणि झीज बघा. एक नवं, एक अर्धं झिजलेलं असेल तर तेवढ्यानेही गाडी ओढते. डावं-उजवं अदलाबदल करून एक चक्कर मारा. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा, सस्पेन्शनचा नाही. एका दिशेच्या नक्षीचं टायर असेल तर मात्र ही अदलाबदल करू नका.

उंचीचं माप

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. लोक जमिनीपासून मडगार्डपर्यंत टेप लावतात. त्यात टायरची हवा, झीज आणि जमिनीचा उतार तिन्ही मिसळतात. टेप चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत लावा. मग टायरचा संबंध उरत नाही.

जागा सपाट हवी. पेट्रोल पंपाला पाण्यासाठी ढाळ दिलेला असतो, सिमेंट रोडही मध्ये उंच असतो. मी लोकांना धर्मकाट्यावर पाठवतो. कळमना बाजाराच्या बाजूला, कामठी रोडला, वाडीला काटे आहेत. त्यांचा प्लॅटफॉर्म सपाट असतो. गर्दी नसताना मालकाला विचारलं तर पाच मिनिटं देतो. सोबत पुढच्या एक्सलचं वजनही करून घ्या, स्प्रिंग निवडताना ते कामी येतं.

जॅक काढल्याबरोबर मोजू नका. चाकं लटकून खाली आली की टायर थोडी आत ओढलेली बसतात आणि गाडी उंच उभी राहते. चार-पाच मीटर पुढे-मागे ढकला, बोनेट दोन-तीनदा दाबून सोडा, मग मोजा. टाकीत डिझेल किती, मागे सामान काय, हेही लिहून ठेवा. पुढल्या वेळी तसंच ठेवून मोजायचं.

दोन्ही बाजूंत चार-पाच मिमीचा फरक कंपनीतून आलेल्या गाडीतही असतो. सेंटिमीटरच्या वर गेला तर शोधायचं. त्याआधी एक खात्री करून घ्या: मडगार्ड कधी ठोकून काढलेलं आहे का? असेल तर चेसिसवर, खालच्या आर्मच्या बोल्टपासून जमिनीपर्यंत दोन्हीकडे मोजा. तिथे फरक नसेल तर सस्पेन्शनला हात लावू नका.

मागितल्यापेक्षा जास्त खाली गेली असेल तर त्याचं गणित असं. स्प्रिंग आर्मवर चाकापासून आतल्या बाजूला बसलेली असते. म्हणून स्प्रिंगपाशी एक इंच कमी केला तर चाकापाशी एका इंचापेक्षा जास्त फरक पडतो. स्प्रिंगची हालचाल चाकाच्या ०.६ पट असेल तर चाकापाशी फरक १.६७ इंच. स्प्रिंगच्या वर टाकलेल्या चकतीचंही तसंच. "दोन इंची स्प्रिंग" घेताना ते दोन इंच स्प्रिंगचे की चाकापाशीचे, हे दुकानदाराला विचारून घ्या.

बूश: कुर्र-कुर्र इथूनच येतं

आता मुद्द्याची गोष्ट. आर्म चेसिसला जिथे बोल्टने जोडलेला असतो तिथे रबरी बूश असतो. बाहेर लोखंडी नळी, आत लोखंडी नळी, मध्ये दोघींना चिकटवलेलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी चेसिसच्या कानांमध्ये जखडली जाते. त्यानंतर आर्म वर-खाली होतो तो बोल्टभोवती गरगर फिरून नाही, रबर पिळवटून होतो. हे रबर गाडी उभी असते त्या उंचीला बिनपिळाचं असलं पाहिजे, म्हणजे खड्ड्यात थोडं इकडे, उंचवट्यावर थोडं तिकडे पिळलं जातं आणि परत येतं.

गॅरेजमध्ये काय होतं? गाडी लिफ्टवर, चाकं लटकलेली, स्प्रिंग बसवली, आर्मचे बोल्ट तिथेच इम्पॅक्ट गनने कचकचीत आवळले, गाडी खाली सोडली. आर्मची लांबी ३५ सेंमी आणि लटकलेलं चाक उभ्या उंचीपेक्षा ८ सेंमी खाली धरलं, तर गाडी जमिनीवर आली त्या क्षणी रबर १३ अंश पिळलेलं असतं. धुतलेला पंचा पिळून तसाच धरून ठेवावा, तसं चोवीस तास. त्यातून तीन गोष्टी होतात. पिळलेलं रबर आर्मला खाली ढकलत राहतं, म्हणून गाडी मागितल्याएवढी उतरत नाही. खड्ड्यात आणखी पिळलं की कुरकुरतं. आणि काही महिन्यांत नळीपासून सुटतं, मग गाडी एकदम आणखी खाली बसते. पाऊण इंच उतरलेली आणि महिन्याने आणखी उतरलेली, अशा दोन्ही तक्रारी एकाच कारणाच्या असतात, हे सांगितलं की लोकांना पटत नाही.

ओळखायचं कसं: बाटलीत साबणाचं पाणी घ्या, एका माणसाला बंपरवर बसून गाडी दाबायला सांगा आणि एकेका बूशवर फवारत जा. ज्या बूशवर पाणी पडल्यावर आवाज मिनिटभर गप्प बसतो, तो गुन्हेगार. ऑइल किंवा डिझेल मारू नका. "ऑइल मारून देतो, आवाज बंद" असं सांगणारे बरेच भेटतील. बंद होतोही. पण खनिज तेलाने रबर फुगतं, मऊ पडतं आणि चार महिन्यांनी तोच बूश बदलावा लागतो.

उपाय फुकटात होण्यासारखा आहे. गाडी अशा रॅम्पवर किंवा पिटवर घ्या जिथे ती स्वतःच्या चाकांवर उभी राहील. आर्मचे बोल्ट सैल करा, बोनेट दाबून गाडी बसू द्या, आणि गाडी तशीच उभी असताना टॉर्क पान्याने कंपनीच्या मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळा. बऱ्याच गाड्यांत खालच्या आर्मच्या बोल्टवर अंडाकार चकती असते, तीच कँबर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे झुकाव) ठरवते. सैल करण्याआधी तिच्यावर आणि चेसिसवर एका रेषेत पेंटची खूण करा, परत तिथेच आणा. नंतर अलाइनमेंट लागणारच.

सैल करताना बोल्ट खाटकन फिरला, किंवा नट सुटताना आर्म झटक्याने हलला, तर पीळ होता याची खात्री. रबर नळीपासून सुटलेलं दिसलं तर मात्र बूश जोडीने बदला. हे काम प्रेसचं आहे, हातोडीचं नाही. हातोडीने बसवलेला बूश तिरका जातो आणि आर्मचं भोक खराब होतं.

धाड आवाज: जागाच उरलेली नाही

आर्म वर जाताना शेवटी बंप रबरला टेकतो. मूळ गाडीत तो टेकेपर्यंत चाकाला वर जायला समजा ८ सेंमी जागा होती. तोंड स्प्रिंगने ५ सेंमी खाली घेतलं तर उरली ३. गतिरोधक तोच आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नमुन्यातला गतिरोधक १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. आपल्या वस्त्यांमध्ये लोकांनी हौसेने घातलेले त्याहून अरुंद आणि उभट. त्यात सिमेंटचे रोड उंच झाले आणि आतल्या गल्ल्या खालीच राहिल्या, तिथून वर चढताना चाक जे उसळतं ते वेगळं.

जागा किती उरली ते बघायला कणकेची छोटी गोळी करा, ओली असतानाच बंप रबरच्या टोकाला चिकटवा, रोजच्या रस्त्याने एक फेरी मारा. गोळी चपटी झाली असेल तर किती जाड उरली ते मोजा. कागदासारखी झाली असेल तर रबर रोज टेकतंय. उन्हाळ्यात कणीक अर्ध्या तासात वाळून पडते, म्हणून सकाळी करा.

अशा वेळी शॉकअप बदलून पैसे घालवू नका. धाड शॉकअपची नाही. मार्ग तीन आहेत: किटसोबत आलेलं आखूड बंप रबर बसवलं नसेल तर ते बसवा, तेवढ्याने भागत नसेल तर एक इंच उंची परत द्या, किंवा स्प्रिंग मूळ ठेवून नकल (आर्म आणि चाक यांना जोडणारा भाग) बदला. खाली घेण्याच्या नकलमध्ये चाकाचा दांडा वर सरकवलेला असतो. त्यामुळे चाकाच्या मानाने चेसिस खाली येते, पण आर्मचा कोन, बंप रबरची जागा आणि शॉकअपची चाल जवळपास मूळ राहते. माझ्या मते रोज चालवायच्या गाडीसाठी हाच सगळ्यात शहाणा रस्ता. अडचण एवढीच की तो टू-व्हील ड्राइव्हला जमतो. फोर-बाय-फोरमध्ये नकलच्या मधून ड्राइव्ह शाफ्ट जातो, तिथे दांडा असा वर सरकवता येत नाही.

बंप रबर सुरीने कापून टाकणारेही आहेत. रबर गेलं की लोखंड लोखंडावर आपटतं, आणि चेसिसचा कान तडकतो.

अलाइनमेंट: टायर वाचवायचं असेल तर

बूश आणि उंची दोन्ही जागेवर आल्यावरच इकडे या. उंची बदलली की अलाइनमेंट बदलते, म्हणून आधी करून घेतलेली वाया जाते.

दोन आर्मच्या रचनेत तोंड खाली गेलं की चाकाचा वरचा भाग आत झुकतो, म्हणजे कँबर उणे होतो. टो (चाकाची पुढची बाजू आत की बाहेर वळलेली) पण हलतो. आत की बाहेर, ते स्टेअरिंगचा रॉड कुठे बसला आहे यावर ठरतं. टायर जास्त वेगाने टो खातो, कँबर त्यामानाने सावकाश. हाताने कळतं: टायरच्या नक्षीवरून तळवा आडवा फिरवा, एकदा आतून बाहेर, एकदा बाहेरून आत. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीसारखं टोचत असेल तर टो. दोन्ही दिशांनी गुळगुळीत, पण आतली कड उताराची, तर कँबर.

कँबरचा अंदाज गवंड्याच्या ओळंब्यानेही घेता येतो. सपाट जागेवर, स्टेअरिंग सरळ ठेवून, मडगार्डवरून ओळंबा सोडा, असा की दोरी टायरच्या फुगवट्याला टेकणार नाही. दोरीपासून रिमच्या वरच्या आणि खालच्या ओठापर्यंतचं अंतर मोजा. १६ इंची रिमवर ७ ते ८ मिमी फरक म्हणजे साधारण एक अंश. डाव्या-उजव्यात ठळक फरक निघाला तर गाडी का ओढते ते कळलं.

मशीनवाल्याकडे गेलात तर "अलाइनमेंट करून द्या" एवढंच सांगू नका. बऱ्याच ठिकाणी फक्त टो सरळ करून गाडी बाहेर काढतात. कँबर, कॅस्टर, टो तिन्हींचा आधीचा आणि नंतरचा कागद मागा. कागद देत नसेल तर दुसरीकडे जा. कँबर उणेच्या मर्यादेबाहेर आणि आर्मची चकती शेवटच्या टोकाला गेलेली असेल, तर गाडी तुमच्या आर्मला झेपेल त्यापेक्षा खाली आहे. एवढं खाली ठेवायचं तर वेगळा वरचा आर्म लागतो.

वेगात गाडी तरंगण्याचं कारण बहुतेक कॅस्टर असतं. फक्त तोंड खाली आणि मागचं तसंच उंच, म्हणजे अख्खी चेसिस पुढे झुकली. व्हीलबेस ३.१ मीटर आणि तोंड ५ सेंमी खाली धरलं तर झुकाव ०.९ अंश. तेवढाच कॅस्टर कमी होतो, आणि स्टेअरिंगला सरळ यायची ओढ कॅस्टरच देतो. रिकाम्या पिकअपची मागची बाजू मुळातच उंच असते, त्यामुळे हे जास्त जाणवतं. चकती फिरवून कॅस्टर परत येतो, पण कधीकधी कँबर सुधारावा की कॅस्टर, अशी ओढाताण होते. तिथे मशीनवाल्याचा अनुभव लागतो.

स्प्रिंग नवीन असेल तर काहीशे किलोमीटरनंतर ती थोडी बसते. तेव्हा पुन्हा उंची मोजा आणि अलाइनमेंट पुन्हा बघून घ्या.

टॉर्शन बारवाल्यांसाठी

बोल्ट फिरवला की तोंड खाली, म्हणून हे काम लोक रस्त्याच्या कडेलाच करतात. बोल्ट फिरवण्याआधी पुढची दोन्ही चाकं जमिनीवरून उचला, घोडीवर (जॅक स्टँडवर) टेकवा. भाराखाली फिरवला तर आटे जातात. आधी किती आटे बाहेर आहेत ते मोजून लिहा. मग दोन्हीकडे सारखेच फेरे द्या, खाली सोडा, ढकला, मोजा. गाडी कललेली असली तरी एकाच बाजूचा बोल्ट फिरवत बसू नका. आधी वर सांगितलेले बूश आणि मापं बघा.

बार बाहेर काढलाच असेल तर डावा-उजवा अदलाबदल झालेला नाही ना, हे बघा. टोकांवर खूण असते. बार बनवतानाच एका दिशेला पीळ देऊन तयार केलेले असतात, उलट बाजूला बसवले तर बसतात, पण टिकत नाहीत. आणि एक गैरसमज: बोल्ट सैल केला की गाडी मऊ होते, असं नाही. बारचा कडकपणा तोच राहतो, फक्त उंची कमी होते आणि बंप रबर जवळ येतं.

जागेवरची टक्-टक्

स्टॅबिलायझरचा (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या सळईचा) लिंक रॉड पहिला संशयित. स्वस्त, दिसायला सोपा. एकाने स्टेअरिंग हलवायचं, दुसऱ्याने चाकाबाहेरून हात लावून लिंकवर ठोका जाणवतो का बघायचं. गाडीखाली शिरायचं नाही.

मग बॉल जॉइंट, म्हणजे आर्म आणि नकल यांच्यामधला गोळ्याचा सांधा. स्प्रिंगचा भार खालच्या आर्मवर असतो, म्हणून जॅक चेसिसखाली नव्हे, खालच्या आर्मखाली, चाकाच्या जवळ लावा. तसं केलं नाही तर स्प्रिंगच्या दाबाने जॉइंट घट्ट बसलेला राहतो आणि ढिलाई लपते. चाक वर-खाली पकडून हलवा: खेळ आला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. डावी-उजवीकडे पकडून हलवा: खेळ आला तर टाय रॉड एंड (स्टेअरिंगच्या रॉडचं चाकाकडचं टोक). जॉइंटचं रबर फाटून ग्रीस बाहेर आलेलं दिसलं की थांबा. त्या जॉइंटवर गाडी चालवायची नाही. बॉल जॉइंट निसटला तर चाक आडवं पडतं, आणि ते कुठे पडेल हे आपल्या हातात नसतं.

त्याच वेळी टॉर्च घेऊन स्टेअरिंग दोन्ही टोकांना फिरवून ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर कुठे घासते का बघा. तोंड खाली गेल्यावर पाइप ताणला जात नाही, उलट सैल पडून टायरकडे झुकतो. रबरावर चमकदार घासलेला पट्टा दिसला तर क्लिप जागेवर नाही. आतला धागा दिसला तर गाडी तिथेच उभी ठेवा.

कापलेली स्प्रिंग

वरचं सगळं ठीक असूनही गाडी एका बाजूला कलते आणि उडते, तर स्प्रिंग बघा. टोक ग्राइंडरने किंवा गॅसने कापलेलं आहे का? कापल्यावर स्प्रिंग फक्त आखूड होत नाही, कडकही होते. आठ वेढ्यांतला एक गेला तर कडकपणा १४ टक्क्यांनी वाढतो. कापलेलं टोक वाटीत (स्प्रिंगच्या बैठकीत) नीट बसत नाही, फिरतं, टक् करतं. गॅसने तापवलेली असेल तर पोलादाचं पाणीच उतरलेलं असतं, ती बसतच जाते. यावर दुरुस्ती नाही. दोन्ही बाजूंना जोडीने नवीन स्प्रिंग.

कापलेली नसेल तर डावी-उजवी सारख्याच नंबरची आहे ना, आणि टोक वाटीतल्या खाचेला टेकलं आहे ना, हे बघा. चाक पूर्ण लटकवल्यावर स्प्रिंग वाटीत हाताने हलता कामा नये. हलली तर ती त्या शॉकअपसाठी फार आखूड आहे. खड्ड्यावरून उडताना जागा सोडेल.

इथून पुढे स्वतः हात लावू नका

स्प्रिंग शॉकअपवरून उतरवायची वेळ आली की थांबा. गाडीखाली असताना तिच्यावर सातशे-आठशे किलोचा दाब असू शकतो. स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंगची जोडी) सुटा काढला तरी आत काहीशे किलो उरतात. वरचा मधला नट कंप्रेसरशिवाय सोडला तर स्प्रिंग बंदुकीसारखी सुटते. भाड्याने मिळणाऱ्या पातळ हुकच्या कंप्रेसरवरही भरवसा ठेवू नका. भिंतीला बसवलेला जाड प्रेस ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे जा.

चेसिसच्या कानाला तडा, नकल किंवा आर्म वाकलेला, वेल्डिंग केलेला आर्म किंवा नकल, ब्रेकचा पाइप कापलेला, एबीएसचा दिवा विझत नाही, किंवा अलाइनमेंटच्या कागदावर एका बाजूचे आकडे कितीही फिरवून बसत नाहीत: यांतलं काहीही असेल तर गाडी चालवत नेऊ नका, टोइंगच्या गाडीने न्या. नकलवर वेल्डिंग "मजबूत आहे, काही होत नाही" असं कुणी सांगितलं तर मान हलवा आणि गाडी परत घेऊन या.

हेडलाइटचा कोन मात्र नक्की जुळवून घ्या. तोच ०.९ अंशाचा झुकाव १० मीटरवर प्रकाश सुमारे १६ सेंमी खाली आणतो. रात्री काटोल रोडला दिवे अधू झाल्यासारखे वाटतात, आणि लोक बल्ब बदलत बसतात.

कागदपत्रांचंही बघा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात तेच सांगितलं. कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. एमएच-३१ असो, ४९ असो की ग्रामीणची ४०, काम सुरू करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी विचारून घ्या. मालवाहू नोंदणी असेल तर फिटनेसच्या वेळी प्रश्न येणारच.

गाडी मेकॅनिककडे सोडताना वरची सगळी मापं एका कागदावर लिहून त्याच्या हातात द्या: चारही कोपऱ्यांची उंची, हवा, बंप रबरची जागा, कोणत्या बूशवर आवाज थांबला. "चाकं जमिनीवर असताना आवळा" हे तोंडी नको, जॉब कार्डवर लिहून घ्या. आणि काढलेल्या मूळ स्प्रिंग, बंप रबर, नट-बोल्ट गोणीत भरून परत मागा. भंगारात गेल्या तर गाडी परत वर घ्यायची म्हटलं तरी घेता येत नाही.